केसपेपरवर मशेरी कुठंय?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत गरोदर बायकांसाठी सतत काही ना काही येत असतं आणि मी ते वाचते पण. डिंकाचे लाडू कधी खायचे, नारळपाणी चालतं का, दुधात केशर किती काड्या, कुठल्या कुशीवर झोपायचं, गर्भसंस्काराला कोणतं म्युझिक लावायचं, सगळं येतं. तंबाखूबद्दल मात्र एक ओळ नसते. आली तर ३१ मेला, तंबाखूविरोधी दिन म्हणून, कवटी आणि पेटलेल्या सिगरेटचं चित्र टाकून, आणि तेही सगळं पुरुषांना उद्देशून. बाईमाणूस, त्यातून पोटुशी बाई, तंबाखूला हात लावते हे आपल्याला मान्यच नाही मुळात. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त मशेरीचा भाग कापू नका.

मी सिडकोत मेडिकल चालवते, फार्मासिस्ट आहे, बरीच वर्षं काउंटरला उभी आहे. लोक डॉक्टरपेक्षा आमच्याशी जास्त खरं बोलतात असा माझा अनुभव आहे, कारण इथे फी नसते आणि बाजूला सासूबाई बसलेल्या नसतात. आमच्याकडे सगळ्या थरातलं गिऱ्हाईक येतं, अंबड आणि सातपूरच्या कंपन्यांत कंत्राटी कामाला जाणाऱ्या बायका, पेठ-सुरगाण्याकडून बांधकामावर नाहीतर दिंडोरीच्या द्राक्षबागेत आलेल्या, आणि स्कूटीवर कानात इअरफोन घालून येणाऱ्या ऑफिसवाल्या मुली सुद्धा. तंबाखू तिन्हीकडे आहे, फक्त दिसतो वेगळा.

आधी आकडा सांगते म्हणजे कोणाला वाटायला नको की ही बाई उगाच नाशिकच्या पोरींना बदनाम करतेय. २०१६-१७ साली केंद्र सरकारचा तंबाखूचा मोठा सर्व्हे झाला होता, त्यात महाराष्ट्रात विडी-सिगरेट ओढणाऱ्या बायका निघाल्या १.४ टक्के. म्हणजे अगदी थोड्या, बरोबर. पण मशेरी, तंबाखू, गुटखा, असं धूर न निघणारं काहीतरी वापरणाऱ्या बायका निघाल्या १६.६ टक्के. सहा बायकांमागे एक! आता एखाद्या सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची लाईन बघा आणि मनात सहा-सहा मोजत जा, आणि मग मला सांगा की आपल्याकडे हा प्रश्नच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की बायकांना हे कोणी नीट विचारतच नाही, आणि विचारलं तर असं विचारतात की ती खोटंच बोलेल.

परवा एक बाई आयर्नच्या गोळ्या घ्यायला आली, पाचवा महिना, चेहरा पांढराफटक. गोळ्या देता देता मी विचारलं, तंबाखू वगैरे काही आहे का हो? "छे ओ ताई, आमच्यात कोणी नाय खात." बरं म्हटलं, आणि दात कशानं घासता? "मशेरीनं." किती वेळा? "सकाळी उठल्यावर. मग जेवल्यावर एकदा. कामावरून आलं की डोकं धरतं तेव्हा. आणि रात्री, त्याबिगर झोप नाय लागत." आता दिवसातून चार वेळा दात घासणारी माणसं अख्ख्या नाशकात दुसरी कोण आहेत सांगा, आमच्या समोरचे डेंटिस्ट पण घासत नसतील. पण ती खोटं बोलत नव्हती. तिच्या हिशोबात तंबाखू खाणं म्हणजे नवरा चुना लावून मळतो आणि दाढेखाली ठेवतो ते. मशेरी म्हणजे दात घासणं. केसपेपरवर "व्यसन: नाही" असं लिहिलेलं होतं, मी बघितलं.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू आणायची, लोखंडी तव्यावर मंद आचेवर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. ज्या घरात भाजतात तिथे आजूबाजूच्या दोन खोल्या खोकतात. मग डाव्या तळहातावर चिमूटभर घ्यायची, उजव्या हाताच्या बोटानं हिरड्यांना चोळत दारात बसायचं, दहा-वीस मिनिटं, गप्पा मारत, थुंकत. दात दोन मिनिटांत घासून होतात, बाकीचा वेळ हिरडीतून निकोटीन रक्तात जात असतं, आणि त्याच्यासाठीच बसायचं असतं. भाजल्यानं त्यातलं विष जातं असं पुष्कळ बायकांना वाटतं. नाही जात.

आणि गरोदरपणात तर ती वाढते, हे मला आधी लक्षात आलं नव्हतं, बायकांशी बोलून बोलून कळलं. गरोदरपणात हार्मोन्समुळे हिरड्या सुजतात, ब्रश लावला की रक्त येतं, हे बऱ्याच जणींना होतं, नॉर्मल आहे. पण हिला वाटतं दात कमजोर झाले म्हणून ती अजून मशेरी चोळते. मळमळतं, तोंडाला पाणी सुटतं, तर त्याच्यावर पण मशेरी. पोट साफ होत नाही, तर मशेरी. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत, जेव्हा बाळाचे सगळे अवयव तयार होत असतात नेमकं तेव्हा, ज्या बाईची आधी दोन वेळा होती तिची चार वेळा होते.

याने नक्की होतं काय ते पण सांगते कारण "वाईट असतं" एवढं सांगून कोणी सोडत नाही. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं. बाळाला खायला-प्यायला सगळं त्या वारेतूनच, आई रोज दोन लाडू खाऊ दे नाहीतर चार. विडी-सिगरेट असेल तर त्यात आणखी कार्बन मोनॉक्साईड. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं, पण हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त जोरानं हिमोग्लोबिनला चिकटतो, म्हणजे एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना तसं, ऑक्सिजन बिचारा उभाच राहतो. त्यातून आपल्या बायकांचं हिमोग्लोबिन आधीच नऊ नाहीतर आठ. गर्भपात, नळीत गर्भ राहणं, वार आधीच सुटणं, दिवस पूर्ण व्हायच्या आत बाळंतपण, बाळ कमी वजनाचं, या सगळ्याची शक्यता सिगरेटनं वाढते. सिगरेट ओढणाऱ्या आईचं बाळ सरासरी दोनशे ग्रॅमच्या आसपास हलकं असतं.

मग मशेरीवाल्या म्हणतात आम्ही कुठे धूर काढतो. त्यांच्यासाठी आपल्या मुंबईतलाच अभ्यास आहे, कुठे अमेरिकेत जायला नको. २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला, मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांचा. त्यात बिनधुराची तंबाखू, म्हणजे जास्त करून मशेरीच, वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झालं. पुढे त्याच मंडळींनी मेलेलं बाळ जन्माला येण्याबद्दल पण बघितलं, तर तो धोका पण तंबाखूवाल्या बायकांत दुपटीच्या वर होता. १०५ ग्रॅम म्हणजे काही जणांना वाटेल त्यात काय एवढं. ज्या आईचं बाळ तीन किलोचं होणार होतं तिला नाही कळणार. पण आपल्याकडे पुष्कळ बाळं अडीच किलोच्या रेषेवरच लटकलेली असतात, तिथून शंभर ग्रॅम खाली गेलं की तेच बाळ कमी वजनाच्या यादीत, मग दूध ओढत नाही, मग काविळीच्या लाईटखाली, मग काचेच्या पेटीत, आणि प्रायव्हेटला पेटीचं रोजचं बिल काय येतं ते ज्याच्या घरी झालंय त्याला विचारा.

इथे एक गोष्ट ऐकायला मिळते ती ऐकून माझं डोकंच फिरतं. बाळ लहान राहिलेलं बरं, मोकळं व्हायला सोपं जातं! शिकलेल्या घरातून पण ऐकलंय. अहो बाळंतपण एका दिवसाचं, ते बाळ पुढे वर्षभर आजारी पडतं त्याचं काय.

आता ऑफिसवाल्या मुलींकडे येते, कारण त्यांच्याबद्दल लिहिलं की लोक संस्कृती बुडाली म्हणून ओरडतात आणि मला ते करायचं नाहीये. कॉलेज रोडला, गंगापूर रोडला चहाच्या टपरीवर संध्याकाळी मुली सिगरेट ओढताना दिसतात, काही जण तर मुद्दाम गाडी स्लो करून बघतात. शेजारी उभा असलेला मुलगा पण तीच सिगरेट ओढत असतो, त्याला बघायला कोणी गाडी स्लो करत नाही. या बघण्यामुळे होतं काय, की मुलगी ओढते पण लपून, लग्न झालं की अजून लपून, आणि दिवस राहिले की मग कोणाला सांगणार? आमच्याकडे एक येते, नवरा-बायको दोघं प्लॅन करतायत, तिला सिगरेट सोडायची आहे मनापासून. निकोटीनचा गम मागायला आली, आवाज एवढा बारीक की मला दोनदा विचारावं लागलं. म्हटलं अगं डॉक्टर मॅडमशी बोललीस का. तर म्हणे त्या सासूबाईंच्या भिशीतल्या आहेत. झालं. नाशिक एवढं वाढलं, पार आडगावच्या पुढे गेलं, पण अजून प्रत्येक डॉक्टर कोणाच्या तरी भिशीत नाहीतर कोणाच्या तरी व्याह्यांच्या ओळखीतला असतोच.

तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते, बाकीच्यांना उपयोग होईल. सोडायची सगळ्यात चांगली वेळ दिवस राहायच्या आधीची. कारण पाळी चुकून, किट आणून, दोन रेघा दिसून, विश्वास बसेपर्यंत पाच-सहा आठवडे आरामात गेलेले असतात आणि तोपर्यंत बाळाचं हृदय धडधडायला लागलेलं असतं. फॉलिक ॲसिडची गोळी जशी आधीपासून सुरू करतात तशी सिगरेट आधीपासून बंद करायची. पण आधी नाही जमलं म्हणजे आता संपलं असं नाही. ज्या बायकांनी पंधराव्या आठवड्याच्या आत पूर्ण सोडली त्यांची बाळं वजनाला आणि दिवस भरायला कधीच न ओढणाऱ्या बायकांच्या बाळांसारखीच निघाली, असा अभ्यास आहे. आणि त्याच्यानंतर सोडली तरी फायदा आहेच, शेवटच्या तीन महिन्यांत बाळ वजन धरतं, तेव्हा सोडली तरी ते वजन मिळतं. कार्बन मोनॉक्साईड तर एक-दोन दिवसांत रक्तातून निघून जातो. म्हणून सातव्या महिन्यात एखादी म्हणाली की आता काय उपयोग, तर तिला म्हणावं आजच सोड.

आणि नवऱ्यांनो, तुम्ही बाहेर गाडीवर बसून मोबाईल बघताय ते ठीक आहे पण हे तुमच्यासाठी पण आहे. पुरुषाचं बीज तयार व्हायला अडीच महिने लागतात आणि सिगरेटनं त्याची संख्या आणि चाल दोन्ही बिघडते, म्हणजे मूल हवंय तर तुम्ही तीन महिने आधी सोडायची. दुसरं म्हणजे घरातला धूर. "मी गॅलरीत ओढतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. सिडकोच्या घरांची गॅलरी केवढी आणि ती उघडते कुठे ते मला पण माहिती आहे, मी तिथेच राहते. जानेवारीत नाशिकची थंडी, खिडक्या बंद, गॅलरीचं दार अर्धं उघडं, धूर सगळा आत. आत ती झोपलेली. तिनं आयुष्यात सिगरेटला हात लावलेला नाही तरी तिच्या बाळाचं वजन कमी होऊ शकतं, फक्त तुमच्यामुळे. तिच्या केसपेपरवर हे येतच नाही, कारण तुम्हाला कोणी विचारलेलंच नाही.

कायद्याचं बोलायचं तर कायदे भरपूर आहेत. सार्वजनिक जागी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे, दोनशे रुपये दंड. सुटी सिगरेट आणि सुटी विडी विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, गुटख्याला २०१२ पासून, वेपला, म्हणजे ई-सिगरेटला, २०१९ पासून देशभर. आता कुठल्याही टपरीवर जा आणि एक सुटी मागा, देतो की नाही बघा. लायटर दोरीला बांधून ठेवलेला असतो, गिऱ्हाईकाच्या सोयीसाठी. वेपचं तर मुली मलाच विचारतात, मॅडम त्यात तंबाखू नसते ना मग प्रेग्नन्सीत चालेल ना? त्यात निकोटीन असतं बाई, वारेला निकोटीनशी मतलब, ते कशातून आलं त्याच्याशी नाही.

सोडताना काय होतं ते पण कोणी सांगत नाही. चिडचिड, डोकं दुखणं, झोप न लागणं, सारखं काहीतरी तोंडात टाकावंसं वाटणं, पहिले तीन-चार दिवस जास्त आणि मग दोन-चार आठवड्यांत कमी होत जातं. तलफ येते ती काही मिनिटांचीच असते, तेवढा वेळ निघून गेला की उतरते, पाणी प्यावं, चालून यावं, तोंडात बडीशेप नाहीतर आवळा ठेवावा, कोणाला तरी फोन लावावा. गरोदर बाईला अजून एक त्रास, तिचं शरीर निकोटीन नेहमीपेक्षा भराभर बाहेर टाकतं म्हणून तलफ लवकर लवकर येते. म्हणजे इतर वेळेपेक्षा तिला सोडणं जास्त जड जातं, आणि आपण म्हणतो पोटातल्या लेकरासाठी एवढं पण करवत नाही का हिला. करवतं, पण मदत लागते. "एकदम सोडलं तर बाळाला शॉक बसतो" असं पण सांगतात बायका एकमेकींना, कुठून आलं काय माहीत. काही शॉक वगैरे बसत नाही, एकदम सोडणंच चांगलं. दहावरून दोनवर आणली म्हणून खूश होणाऱ्यांनी पण लक्षात घ्या, कमी ओढणारा माणूस प्रत्येक झुरका जास्त खोल घेतो, त्यामुळे वाटतो तेवढा फायदा होत नाही.

गमचं काय, तर दोन एमजीचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, नॉर्मल माणसाला मी देते, कसा चावायचा ते पण सांगते, बबलगमसारखा चघळत बसायचा नसतो, थोडा चावायचा आणि गालात धरून ठेवायचा. पण गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी देत नाही, आणि बाकीच्या मेडिकलवाल्यांनी पण देऊ नये, आधी बोलून, समजावून, आधार देऊन बघायचं, नाहीच जमलं तर डॉक्टर ठरवतील. सिगरेट सोडायच्या ज्या गोळ्या येतात त्या तर गरोदरपणात नाहीच. प्लॅन करणाऱ्यांनी मात्र आधीच डॉक्टरांकडून ही सगळी मदत घ्यावी, तेव्हा सगळे रस्ते मोकळे असतात, हे आधी सोडण्याचं अजून एक कारण.

आता ज्याच्यासाठी मुळात पत्र लिहायला घेतलं ते. माझ्याच नात्यातली एक मुलगी, माहेरी शेतावर वाढलेली, मशेरीची सवय आजीकडून लागलेली. तिसऱ्या महिन्यात एका दवाखान्यात तिनं स्वतः होऊन खरं सांगितलं. तर तिथल्या बाईंनी लाईनमधल्या सगळ्यांसमोर, मोठ्यांदा, "शी, एवढी शिकलीस आणि हे? मूल वेडंवाकडं झालं तर आमच्याकडे यायचं नाही." आजूबाजूच्या बायका हसल्या. पुढच्या तपासणीला विचारलं तेव्हा ती म्हणाली सोडली. सोडली नव्हती. डबी पर्समध्येच होती. त्या बाईंना वाटलं असेल आपण बरी कानउघाडणी केली, झाला परिणाम. झालं काय, तर एक बाई जी सांगत होती ती सांगायची बंद झाली. आणि त्या लाईनमध्ये बसलेल्या, मनात सहा-सहा मोजले तर ज्या निघतील, त्या सगळ्या तिथल्या तिथे गप्प झाल्या.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ सालीच सांगून ठेवलंय की प्रत्येक गरोदर बाईला होईल तेवढ्या लवकर आणि मग प्रत्येक तपासणीला तंबाखूबद्दल विचारा, आत्ता वापरते का, आधी वापरायची का, आणि घरात कोणाचा धूर लागतो का. सगळ्या प्रकारची तंबाखू, नुसती सिगरेट नाही. आपल्याकडे दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, २०१६ पासून, सोय खरंच चांगली आहे, बीपी बघतात, रक्त-लघवी बघतात, वजन घेतात. तेवढ्यातच एक प्रश्न. पण असा की, "मशेरी दिवसातून किती वेळा लावता?" लावता का नाही, किती वेळा. आहेच असं धरून विचारलं की बाई सांगते, हा माझा काउंटरवरचा अनुभव आहे. "व्यसन आहे का" म्हटलं की कुठलीही घरंदाज बाई नाहीच म्हणणार. आणि नवऱ्याला आत बोलवा, पाच मिनिटं. आशाताई तर घरी जातात, तव्यावर काय भाजलं जातंय ते त्यांना वासावरून कळतं, त्यांना फक्त सांगा की हे पण लिहायचं आहे आणि पुढे काय करायचं ते शिकवा. त्यांच्यावर आधीच किती रजिस्टरं आहेत याची मला कल्पना आहे, म्हणून मी नवीन रजिस्टर म्हणत नाहीये, आहे त्यातच एक ओळ.

आणखी एक, जे पुस्तकात नसतं. आपल्याकडे सातव्या-आठव्या महिन्यात ओटी भरली, डोहाळजेवण झालं की मुलगी माहेरी जाते. सासरी नाशकात कशीबशी सोडलेली असते, नवऱ्यानं पण मदत केलेली असते, आणि माहेरी गेलं की आई लावते, काकू लावते, आजी तर लावतेच, सकाळी सगळ्या ओट्यावर ओळीनं बसलेल्या. त्यात हिनं एकटीनं ब्रश घेऊन बसायचं? बाळंतपणानंतर पण तेच, सव्वा महिना बसून, रात्रीची झोप नाही, आई म्हणते लाव थोडी, बरं वाटेल. म्हणून मी माझ्या गिऱ्हाईकांना सांगते की जायच्या आधी आईला फोन करून सांग, नाहीतर फोन मला दे, मी बोलते. दोन-तीन आयांशी बोललेय पण. एक तर म्हणाली, ताई मग मी पण ती समोर असताना नाही लावणार, गोठ्यात जाऊन लावीन. चालेल म्हटलं! सुरुवात गोठ्यातून होऊ दे. बाळ झाल्यावर सुद्धा निकोटीन दुधातून जातं, आणि ज्या घरात धूर आहे तिथल्या तान्ह्या बाळांना न्यूमोनिया, दमा, झोपेत अचानक दगावणं याचा धोका जास्त असतो, त्यामुळे नऊ महिने पाळलं आणि बाराव्या दिवशी बारशाला पेटवली असं चालत नाही.

सिन्नरच्या विड्या वळणाऱ्या बायकांचा विषय वेगळा आहे, त्याला वेगळं पत्र लागेल. तरी थोडक्यात, त्या ओढत नाहीत पण दिवसभर मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हात त्यात, शेजारी पाळण्यात लेकरू. तंबाखू कातडीतून पण अंगात जाते आणि तिची धूळ नाकातून. काम सोड म्हणणं सोपं आहे, चूल कोण पेटवणार. पण निदान गरोदर असताना वळायचं काम झोपायच्या आणि स्वयंपाकाच्या खोलीत नको, उघड्यावर ओसरीत बसा, खायच्या आधी साबणानं हात धुवा, आणि जमलं तर ते महिने दुसऱ्या कोणी वळावं. त्यांच्या कार्डावर तर "तंबाखूशी संबंध: नाही" असंच असणार, ओढत नाहीत ना.

ज्यांना आत्ता मदत हवी आहे त्यांच्यासाठी, १८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा फुकट नंबर आहे, सिगरेटच्या पाकिटावर आणि तंबाखूच्या पुडीवर छापलेला असतो, भीतीदायक फोटोच्या खाली, म्हणून कोणी वाचत नाही. मुंबईत टाटा हॉस्पिटलमध्ये पण त्याचं केंद्र आहे, मराठीत बोलतात, नंतर परत फोन करून चौकशी पण करतात. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला की मोबाईलवर मेसेज येत राहतात. दोन्हीकडे नाव सांगितलं तरी सासूबाईंच्या भिशीत कळत नाही, हा मोठा फायदा.

तर संपादक साहेब, विनंती अशी. पुरवणीत गरोदर बायकांच्या आहाराचा तो चौकोन येतो ना, त्यात केशराच्या काड्यांच्या खाली एक ओळ हा नंबर छापा, दर आठवड्याला, मे महिन्याची वाट बघू नका, आणि "मशेरी पण तंबाखूच आहे" एवढे शब्द ठळक छापा. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्याला तुमच्या बातमीदारामार्फत विचारा की केसपेपरवर मशेरीचा आणि नवऱ्याच्या सिगरेटचा प्रश्न टाकायला काय अडचण आहे, काय उत्तर येतं ते छापा. आणि बायकांशी प्रत्यक्ष बोलायचं असेल तर बातमीदार आमच्या दुकानावर पाठवा, शक्यतो बाई पाठवा, दुपारी तीन-चारच्या सुमाराला, संध्याकाळी कंपन्या सुटल्या की गर्दी होते आणि गर्दीत कोणी बोलत नाही.

आपली एक वाचक,
सिडको, नाशिक
(नाव छापू नये, गिऱ्हाईकं ओळखतील आणि सांगायची बंद होतील.)